सत्यभामाबाईंचे बावीस डबे

सत्यभामाबाई टेस्टे यांनी बावीस दिवसांत बावीस डबे संपवले, तेही चाटूनपुसून, हे वाचलं आणि निनाद खरवंडीकरच्या घशात इडलीचा तुकडा अडकला. बाईंचं वय ब्याण्णव होतं म्हणून नव्हे. बाई मुळात जन्मालाच आलेल्या नव्हत्या, म्हणून. त्यांना निनादनंच महिन्याभरापूर्वी एका दुपारी, चहा गार होईपर्यंतच्या वेळात, नावागावासकट तयार केलं होतं.

हे झालं म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये, 'सुईदोरा'च्या कचेरीत. सुईदोरा ही संस्थांना मदत करणारी संस्था. कोणी म्हाताऱ्यांना जेवू घालतं, कोणी बहिऱ्या मुलांची शाळा चालवतं, कोणी कडकोळच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांसाठी पाळणाघर काढतं. या सगळ्यांची मनं मोठी आणि कागद विस्कटलेले. ते कागद संगणकात नीट शिवून द्यायचे, एवढंच सुईदोराचं काम. पण पाटीवर सुईचं चित्र असल्यामुळे आठवड्याला दोन-तीन बायका साडीला फॉल लावून मिळेल का, असं विचारत जिना चढून यायच्या. ऋचा ताम्हनकर त्यांना तशीच परत पाठवायची नाही. बसवून पाणी द्यायची, चौकशी करायची, आणि त्यातल्या दोघींना तिनं चक्क कामाला लावलं होतं.

ही ऋचा म्हणजे सुईदोराची प्रमुख. मूळची सांगलीची, लग्नानंतर इकडे आलेली. मोठ्या कंपनीतली मोठी खुर्ची सोडून तिनं ही लहान खुर्ची घेतली होती, आणि त्या खुर्चीचाही एक पाय हलायचा. तिच्या पर्समध्ये कंगवा सापडेल याची खात्री नसे, पण पाच जातींच्या चार्जिंगच्या वायरी हमखास निघत. नव्या संस्थेत गेली की पहिले दोन दिवस ती संगणकाचं नावही काढायची नाही. नुसती कोपऱ्यात बसून कोण कशावर काय लिहितं, ते बघत राहायची. "लोक कॅलेंडरच्या मागे लिहितात ना, ते खरं असतं," असं तिचं म्हणणं होतं.

दुसरे वेंकोजीराव. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज चार पिढ्यांमागे कापड रंगवायला म्हैसूरला आले, आणि त्यांच्या मराठीलाही तेव्हापासून कन्नडचा पक्का रंग चढलेला. संस्थांमधल्या बायाबापड्यांना संगणक शिकवायचं काम त्यांचं. "पासवर्ड म्हणजे सुम्ने, नुसती स्टोअरची किल्ली," ते सांगत. "घरच्याला द्यायची नाही, साहेबाला द्यायची नाही. हरवली की मात्र लगेच बोंब मारायची, अल्वा?" एवढ्या एका वाक्यात जे काम व्हायचं, ते निनादच्या चाळीस चित्रांच्या सादरीकरणात होत नसे. निनादला हे कळत होतं, आणि थोडं लागतही होतं.

निनाद तिसरा. हुशार, सरळ आणि काटेकोर. माणसाला एकच दोष असावा आणि तो गुणासारखा दिसावा, अशा जातीचा.

तर 'मुस्संजे' नावाची संस्था एकट्या राहणाऱ्या दोनशे चौदा म्हाताऱ्यांना रोज दुपारी डबा पोहोचवायची. मुस्संजे म्हणजे कातरवेळ. ती चालवणाऱ्या अनुसूयम्मा निवृत्त मुख्याध्यापिका, आणि त्यांचा सगळा कारभार एका लाल बांधणीच्या वहीत. गावातल्या अकरा-बारा संस्था त्यांच्या तोंडाकडे बघून चालायच्या. अनुसूयम्मांनी वही मिटली की बाकीच्यांच्या मिटणार, हे ठरलेलं. वर्षभर ऋचानं त्यांच्या कोपऱ्यात बसून काढलं, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "आय्तु, ठरलं. एक महिना वही आणि तुमचं यंत्र, दोन्ही चालू दे. यंत्रात एक नाव जरी खोटं निघालं, तर यंत्र तुमच्या घरी आणि मी माझ्या वहीत."

निनादनं यंत्रणा अशी बांधली की तिच्यात खोटं शिरायलाच नको. 'अबक'सारखं नाव चालेना, अर्धा पत्ता चालेना. त्यामुळे ती तपासून बघायला काल्पनिक म्हातारेसुद्धा अगदी खरे वाटतील असेच बनवावे लागले. त्यानं अख्खं टेस्टे घराणं जन्माला घातलं, चाळीस माणसांचं. सत्यभामाबाई त्यातल्या सर्वांत थोर, कारण प्रत्येक रकाना तपासायचा म्हणून त्यानं त्यांना प्रत्येक दुखणं देऊन टाकलं. गुडघे गेलेले, डावा कान बंद, दात नाहीत, कांदा वर्ज्य, जवळचं कोणी नाही. पत्ता म्हणून कचेरीच्या खिडकीतून दिसणारं, पुढच्या फाटकाला वर्षभर कुलूप असलेलं समोरचं घर दिलं. वाढदिवसाची आठवण वेळेवर जाते का हे बघायला जन्मतारीख सव्वीस घातली.

यंत्रणा सुरू व्हायच्या दिवशी एकोणचाळीस टेस्टे त्यानं पुसले. सत्यभामाबाईंना सव्वीसपर्यंत ठेवलं, कारण वाढदिवस व्हायचा होता. आणि त्याच दिवशी अनुसूयम्मांनी एक नियम घालायला लावला. कधीकाळी एका कारकुनानं चुकून जिवंत माणसाच्या नावावर काट मारली होती आणि तो बिचारा तीन दिवस उपाशी राहिला होता. म्हणून दोन कार्यकर्त्यांनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि अनुसूयम्मांनी 'हो' म्हटल्याशिवाय कुठलंही नाव निघता कामा नये. निनादनं तो नियम इतका पक्का बसवला की ऋचानं त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी तो कडकोळच्या पाळणाघराच्या कामाला गेला, तो तीन आठवड्यांनी परतला आणि इडली खाता खाता अहवाल उघडला.

यंत्रणेनं तिचं काम चोख केलं होतं. गरजेप्रमाणे क्रम लावायचा असं तिला सांगितलेलं, आणि अख्ख्या म्हैसुरात सत्यभामाबाईंइतकं गरजू कोणीच नव्हतं. मुस्संजेनं त्या महिन्यात दहा डबे वाढवले होते, त्यातला पहिला त्यांना. डबा नेणारी नव्या ही कॉलेजातली मुलगी, स्कूटरवरून जायची आणि रोज इमानेइतबारे शेरा लिहायची.

'अज्जी झोपल्या आहेत. डबा दिरांनी घेतला.'

'अज्जी केस धूत आहेत. डबा दिरांनी घेतला.'

'अज्जी देवळात. दीर म्हणतात, सांबार काल पन्नास ग्रॅम कमी होतं.'

"देवळात?" निनाद ओरडला. "गुडघे गेलेत त्यांचे!"

त्याखाली व्यायाम शिकवणाऱ्या पवनकुमारची नोंद होती. 'दीर म्हणाले, आधी माझ्या गुडघ्यावर करून दाखवा, मग मी वहिनींना शिकवतो. दिरांच्या गुडघ्यात चांगली सुधारणा.' त्याखाली वॉकर. 'उंची बरोबर आहे का ते दिरांनी आठवडाभर चालून तपासलं.'

निनादनं घाईघाईनं सत्यभामाबाईंचं पान उघडून 'नाव काढा' दाबलं. कारण विचारलं गेलं: निधन की स्थलांतर? त्यानं निधन निवडलं. पडद्यावर उत्तर आलं, 'वाईट वाटलं. अनुसूयम्मांना कळवून दोन कार्यकर्त्यांना हार घेऊन पाठवू का?' त्यानं हात मागे घेतला. मग स्थलांतर. 'नवा पत्ता?' कुठलाही पत्ता घातला असता तरी उद्या दुपारी तिथे कोणीतरी डबा घेऊन उभं राहिलं असतं. स्वतः घडवलेल्या कुलपाचं कौतुक करावं की त्यावर डोकं आपटावं, हे त्याला ठरवता येईना. त्याहून एक विचार जास्त टोचत होता. वाढवलेल्या दहा डब्यांतला एक त्याच्या काल्पनिक बाईंनी खाल्ला, म्हणजे कोणातरी खऱ्या माणसाचा गेला.

तो तडक समोरच्या घरी गेला. पुढच्या फाटकाला कुलूप होतंच. पण मागच्या गल्लीत एक दार उघडं होतं, आणि दारात वॉकर धरून एक ताठ म्हातारे गृहस्थ उभे होते. दारावर पाटी: त्र्यंबक वझरकर, निरीक्षक, वजनमापे खातं, निवृत्त.

"काय हवंय?"

"नमस्कार काका. मी समोरच्या कचेरीतला. सत्यभामाबाई आहेत का?"

त्र्यंबकरावांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, जणू तो अर्धा किलोचं माप असावा. "जप करतायत."

"किती वेळ चालेल?"

"ब्याण्णव वर्षांच्या बाईला वेळ विचारतात का?"

"मी थांबतो."

"थांबा. पण बोलू नका. त्यांना आवाज सहन होत नाही."

"डावा कान बंद आहे ना त्यांचा?"

"उजवा उघडा आहे," त्र्यंबकराव म्हणाले.

त्या बाईंना मीच बनवलंय, हे निनादला सांगता येईना. त्या बाई घरात नाहीत, हे त्र्यंबकरावांना सांगता येईना. दोघंही तिसऱ्या माणसाच्या प्रकृतीविषयी अत्यंत काळजीनं बोलत राहिले. बोलता बोलता निनादला आतलं स्वयंपाकघर दिसलं. ओट्यावर घासूनपुसून ठेवलेला मुस्संजेचा डबा होता. शेजारी चुरमुऱ्यांची मोठी पिशवी आणि केळ्यांचा घड. शेगडीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा रचलेला, म्हणजे ती पेटवल्याला बरेच महिने झाले असावेत.

"काका," तो हळूच म्हणाला, "डबा तुमच्याच नावानं सुरू केला तर?"

त्र्यंबकरावांची मान ताठ झाली. "माझ्या नावानं? मी काय अनाथ आहे? छत्तीस वर्षं बाजारातले काटे तपासलेत मी. पेन्शन येतं वेळच्या वेळी. ही गेली तेव्हापासून दोन वर्षं कोणापुढे हात नाही पसरला. वहिनींची गोष्ट वेगळी. त्या बाईमाणूस. थकलेल्या. त्यांना नाही कसं म्हणणार?"

"खरंय."

"नाव काढायला आला असाल तर सांगून ठेवतो, त्यांची फार आबाळ होईल."

निनाद कचेरीत परतला आणि त्यानं ऋचा आणि वेंकोजीरावांसमोर सगळं ओकून टाकलं. सांगून झाल्यावर ऋचा म्हणाली, "टेस्टे? आडनाव टेस्टे ठेवलंस? आणि कोणालाच शंका आली नाही?"

"कशी येणार?" वेंकोजीराव म्हणाले. "आपल्यात पोटफोडे असतं, ढेकणे असतं. टेस्टेनं काय पाप केलंय? डबा नेणाऱ्या त्या नव्यानं विचारलं तेव्हा मीच सांगितलं की तिला, घराणं मोठं आहे म्हणून."

"तुम्हाला तिनं विचारलं होतं?" निनाद चमकला.

"तीन आठवडे झाले. मला वाटलं, असेल कोणी."

"आता काय करायचं, ऋचाताई?" निनादचा चेहरा पार उतरला होता. "परवा सव्वीस. नव्वदीच्या पुढच्यांना शाल द्यायला अनुसूयम्मा स्वतः जातात. वाढदिवसाची आठवण गेलीय त्यांना. बरोबर वेळेवर गेलीय."

वेंकोजीरावांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघ, त्यात काय आहे? माझी थोरली बहीण आहे, अष्ट्याऐंशीची. एक दिवस नेऊन बसवू की. स्वल्प नाटक करायला तिला आवडतंय."

निनादच्या डोळ्यांत क्षणभर आशा चमकली. ऋचानं ती तिथेच विझवली.

"नोंद खोटी आहे म्हणून आता माणूसही खोटं आणायचं? नाही वेंकोजीराव. आपण त्यांच्या वहीपेक्षा खरं काहीतरी देऊ म्हणून वर्षभर त्यांच्या दारात बसलो. चुकलं तर चुकलं म्हणायचं."

"पण यंत्रणा परत करतील त्या. आणि बाकीच्या अकरा संस्था..." निनाद म्हणाला.

"करू देत."

"आणि सत्यभामाबाई गेल्या की त्र्यंबककाकांचा डबा बंद. ते स्वतःच्या नावानं मरेपर्यंत घेणार नाहीत. मी बघितलंय ते स्वयंपाकघर."

ऋचानं टेबलावरच्या वायरींचा गुंता हातात घेतला आणि एकेक सोडवत बसली. शेवटी म्हणाली, "सव्वीसला सकाळी मी सांगते त्यांना. त्या शाल घेऊन निघायच्या आत."

"मी सांगतो," निनाद म्हणाला. "बाई माझ्या आहेत."

पण निवृत्त मुख्याध्यापिका दिलेल्या वेळेआधी येतात, हे तिघंही विसरले. सव्वीस तारखेला निनाद शर्टाला इस्त्री करून मुस्संजेकडे निघाला, तर समोरच्या घरामागच्या गल्लीत गर्दी. अनुसूयम्मा, हातात शाल. मागे नव्या म्हैसूरपाकाचा खोका घेऊन, पवनकुमार फुगे घेऊन आणि सात-आठ कार्यकर्ते टाळ्यांच्या तयारीत. दारात त्र्यंबकराव, पांढरा सदरा घालून, एकटे.

"अज्जींना बोलवा की," अनुसूयम्मा म्हणाल्या. त्याही वेंकोजीरावांसारख्याच जुन्या म्हैसूरकर मराठी घरातल्या. "त्र्याण्णव पुरी झाली. मान आहे त्यांचा."

त्र्यंबकरावांनी एकदा आत बघितलं, एकदा गर्दीकडे. चोवीस वेळा बेलाशक थापा मारलेल्या माणसाला पंचविसावी सुचेना. ताठ मान हळूहळू खाली जायला लागली. मग त्यांची नजर निनादवर पडली, आणि त्या नजरेत एवढी विनवणी होती की निनाद गर्दीतून वाट काढत पुढे घुसला.

"अनुसूयम्मा, माझं ऐका. या घरात..."

"तू थांब रे," अनुसूयम्मा वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. निनाद थांबला. त्या आवाजापुढे अख्खी गल्ली थांबली असती. त्या त्र्यंबकरावांकडे वळल्या. "त्या बाहेर येणार नसतील. वय झालं की माणूस लाजतंय. त्यांच्या वतीनं तुम्ही घ्या. दीर म्हणजे मुलासारखाच."

आणि त्यांनी शाल त्र्यंबकरावांच्या खांद्यावर घातली. टाळ्या झाल्या. त्र्यंबकरावांनी शालीचं एक टोक हातात धरलं, सवयीनं वितीनं मोजलं आणि घसा खाकरून म्हणाले, "पूर्ण अडीच मीटर आहे. वहिनींना सांगतो." मग ते पटकन आत वळले, आणि दार लावून घेईपर्यंत कोणालाच त्यांचा चेहरा दिसला नाही.

अनुसूयम्मा गल्लीतून सरळ सुईदोराच्या जिन्यानं वर आल्या. ऋचानं पाणी दिलं. निनाद आरोपीसारखा उभा राहिला आणि त्यानं बोलायला सुरुवात केली. "ती नोंद खोटी आहे. मी केली होती, तपासायला. पुसायची राहिली. चूक माझी आहे, ऋचाताईंची नाही."

"पहिल्याच दिवशी कळलं मला," अनुसूयम्मा म्हणाल्या.

त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"नव्या येऊन म्हणाली, अम्मा, त्या घरात चप्पल एकच जोड आहे, गड्याची. मी गेले, लांबनं बघून आले. त्या माणसाला मी दोन वर्षं ओळखते. तीनदा मी विचारायला गेले होते, तीनदा त्यांनी मला दारातनं परत पाठवलं. आणि तुमच्या बाईंच्या नावानं पहिल्या दिवशी घेतलं की."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" ऋचानं विचारलं.

अनुसूयम्मांनी पिशवीतून लाल वही काढली आणि टेबलावर उघडली. एका नावावर बोट ठेवलं. "हे बघ. सीतम्मा. पांडुरंगरावांची बहीण. बँकेत मॅनेजर होते ते. मागायला लाज वाटते, बहिणीसाठी घेतात. बहीण नाही त्यांना." बोट पुढे सरकलं. "फत्तेसिंगरावांचा आजारी पाहुणा. नऊ वर्षं झाली, पाहुणा काय जात नाही. ही पद्मनाभ मास्तरांची सासू. मास्तरांचं लग्नच झालेलं नाही. असे अकरा आहेत."

वेंकोजीराव वहीवर वाकले. "अय्यो देवरे! अकरा खोटे?"

"डबे खरे आहेत," अनुसूयम्मा म्हणाल्या. "पोटं खरी आहेत. वर्षभर तुम्ही म्हणत होता, वही मिटा, वही मिटा. कशी मिटणार? तुमचं यंत्र प्रत्येकाला विचारतंय, तू खरा आहेस का. या अकरा जणांचं काय सांगणार मी त्याला? मला वाटलं, या पोरांना हिशेब कळतो, माणूस कळत नाही. मग ही तुमची टेस्टे आली. तिला मी इतके दिवस बघत होते. तुम्हाला कळल्यावर तुम्ही काय करता, तेही बघत होते. परवा तू त्या माणसाच्या दारात जाऊन आलास आणि तरी बाईंचं नाव काढलं नाहीस. आज सगळ्यांसमोर स्वतःवर घ्यायला निघालास." त्यांनी वही मिटली आणि ऋचासमोर सरकवली. "घ्या. वही मिटली."

ऋचाला हसू फुटलं आणि डोळेही पुसावे लागले, आणि दोन्हीसाठी तिच्याकडे हातात फक्त एक वायर होती.

"पण अम्मा," निनाद चाचरत म्हणाला, "अशा माणसांसाठी वेगळा रकाना करावा लागेल. त्याला नाव काय देऊ?"

"नाव कशाला? कोरा ठेव. ज्याला समजायचं त्याला समजतंय."

मग निनाद खुर्चीत बसला. खोटं शिरू नये म्हणून ज्या माणसानं एवढी कुलपं घडवली होती, तो आता एक-एक उघडत अकरा माणसांना आत घ्यायला लागला. अनुसूयम्मा शेजारी बसून सांगत होत्या. सीतम्माचं वय भावापेक्षा कमी घाल, मोठी बहीण म्हटलं तर पांडुरंगराव ऐकणार नाहीत. पाहुण्याला मधुमेह लाव, फत्तेसिंगरावांना आहे. मास्तरांच्या सासूबाईंना गोड आवडतं.

पहिली नोंद पुरी झाली. खाली यंत्रणेनं शेवटचा प्रश्न विचारला, निनादनंच लिहिलेला: 'वरील व्यक्ती खरी आहे, याची मी खात्री करून घेतली आहे. होय / नाही.'

निनादचा हात थबकला. त्यानं ऋचाकडे पाहिलं. ऋचा खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघण्यात गुंतली होती.

"दाब की रे 'होय'," वेंकोजीराव म्हणाले. "साडेबारा वाजले. सीतम्मांचं सांबार थंड होतंय."

निनादनं दाबलं.